दुसरं वायरलेस

"हे काय आहे, मॅडम?"

दाभाडे साहेबांचं बोट लॅपटॉपच्या पडद्यावर टेकलेलं होतं. मी वाकून पाहिलं. लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, बसवताना मध्येच एक पान येतं. यंत्रात नेटवर्कसाठी काय काय आहे ते तिथे दिसतं आणि यातलं कोणतं वापरू, असं विचारलं जातं. त्या पानावर वर वायरची जोडणी होती. तिच्याखाली वायरलेस. आणि त्याच्याखाली पुन्हा वायरलेस. तीच कंपनी, तेच वर्णन.

"दोन दिसताहेत," मी म्हणाले.

"तेच विचारतोय. फाटकावर तपासणी झाली तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतं, प्रत्येक लॅपटॉपमध्ये एक वायरलेस आहे आणि तेही आपण बंद करून टाकणार. मग हे दुसरं कुठून आलं?"

वर्गातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. वर्ग म्हणजे तुरुंगातली जुनी विणकामाची खोली. हातमाग काढून भिंतीशी लावलेले होते आणि मधे टेबलं मांडून आम्ही कॉम्प्युटर शिकवत होतो. त्या वेळी मी तंत्रनिकेतनात नोकरीला होते आणि एका संस्थेच्या वतीने आठवड्यातून दोनदा शिक्षा झालेल्या कैद्यांना शिकवायला जात असे. संस्थेला कुठून कुठून वापरलेले लॅपटॉप मिळाले होते, एक या कंपनीचा तर दुसरा त्या कंपनीचा. सगळ्यांवर फुकटचं लिनक्स बसवायचं आम्ही ठरवलं. परवानगी मिळायला फार वेळ लागला होता. अट एकच होती, बाहेरच्या जगाशी संबंध येता कामा नये.

त्यातच आदल्या महिन्यात एका बराकीत मोबाइल सापडला होता. चपलेचा तळवा कापून आत बसवलेला. वरून चौकशी आली. तुरुंगाधिकारी म्हणून दाभाडे साहेबांना नोटीस मिळाली, आणि तेव्हापासून आम्ही लिनक्स बसवायला घेतलं की ते स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसत. दोन लॅपटॉप आधी झाले होते. त्यांच्यात एकेकच वायरलेस दिसलं होतं.

"हा लॅपटॉप कोणी उघडला होता?" साहेबांनी विचारलं.

इलियास पिंजारी उभा राहिला. तिशीचा, काटकुळा. अमळनेरला त्याचं रेडिओ-मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा लागलेली, ती आता संपत आली होती. तो आत आल्यावर त्याला मुलगा झाला होता. फर्लोची रजा मंजूर झालेली, मुलाला पहिल्यांदा हातात घ्यायला तो जाणार होता.

"मी, साहेब. पंखा साफ करायला. मॅडमना विचारूनच."

"मीच सांगितलं होतं," मी म्हणाले.

"पंख्याबरोबर आणखी काय घातलंस आत?"

"अल्लाची शपथ, साहेब, काही नाही."

मी मधे बोलले, "साहेब, ही सॉफ्टवेअरची चूक असू शकते."

"असू शकते, की आहे?"

असं पान मी त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. आणि माहीत नसताना 'आहे' म्हणणं माझ्या तोंडून निघेना.

झडती झाली. टेबलांचे खण, माग, खिडक्यांच्या चौकटी, माणसांचे कपडे, चपला. काही सापडलं नाही. न सापडल्यामुळे संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. लॅपटॉप कापडात गुंडाळून, सील लावून ऑफिसच्या कपाटात गेला. वर्ग बंद झाला. वर्गातल्या सगळ्यांच्या मुलाखती, म्हणजे घरच्या माणसांना भेटणं, बंद. इलियासची रजा थांबवली.

फाटकाकडे जाताना दाभाडे साहेब माझ्याबरोबर चालत होते. चिडलेले नव्हते, दमलेले होते.

"मॅडम, तुम्ही संध्याकाळी घरी जाता. इथून एक फोन जरी बाहेर लागला तरी माझी नोकरी जाते. मला पटेल असं काहीतरी आणा, नाहीतर हे असंच राहील."

मी शोधायला लागले. त्या बनावटीच्या लॅपटॉपमध्ये कोणती चिप असते ते काढलं. मग इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या चर्चा वाचत बसले. कुठल्याशा देशातल्या एका माणसाने हेच पान टाकून हाच प्रश्न विचारलेला सापडला. माझ्या यंत्रात एकच वायरलेस आहे, मग दोन का दिसतात? खाली उत्तर होतं. त्या चिपसाठी जो नवा प्रोग्रॅम लिहिला गेलाय तो एकाच चिपची दोन नावं तयार करतो. एक वापरणाऱ्यासाठी, दुसरं स्वतःच्या आतल्या कामासाठी. दुसरं नाव लपवायला हवं होतं, ते लपवायचं राहून गेलंय. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

मी ती पानं छापून घेतली आणि तुरुंगात फोन लावला.

"या तुम्ही," दाभाडे साहेब म्हणाले, "पण आता घाई नाही. कबूल झालाय तो."

"इलियास?"

"नाही. गांगुर्डे."

मुरलीधर गांगुर्डे कळवणकडचे शेतकरी. पंचेचाळिशीचे असतील, पण साठीचे वाटत. सख्ख्या भावाचा खून केला म्हणून जन्मठेप. वर्गात ते शेवटच्या टेबलाशी बसत आणि एका बोटाने अक्षरं हुडकत टाइप करत. कमी बोलत. कोणी आभार मानले की त्यांना राग येई. त्यांना भेटायला कधीच कोणी येत नसे. मुलाखतीच्या दिवशी बाकीचे एकेक करून उठून जात आणि गांगुर्डे एकटेच पडद्यासमोर बसून राहत.

मी ऑफिसात गेले तेव्हा साहेब कागदपत्रं पुरी करत होते.

"काय सांगितलं त्यांनी?"

"म्हणतो, दुसरं वायरलेस मीच बसवलं. झडती होणार हे कळल्यावर काढलं आणि मुदपाकखान्याच्या भट्टीत टाकलं. कोणी आणून दिलं ते सांगत नाही."

"साहेब, त्यांना अजून माउस नीट धरता येत नाही."

"जन्मठेपेचा माणूस आहे, मॅडम. शिकायला त्याला वेळच वेळ."

मी छापलेली पानं पुढे केली. त्यांनी चाळली आणि बाजूला ठेवली. सगळं इंग्रजीत होतं आणि लिहिणारी माणसं कोण, कुठली, ते मलाही माहीत नव्हतं. मग मला एक साधी गोष्ट सुचली.

"त्यांनी ते काढून भट्टीत टाकलं असेल, तर आता त्या लॅपटॉपमध्ये एकच दिसायला हवं. बरोबर?"

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

"गांगुर्डेला आणा," त्यांनी शिपायाला सांगितलं. "आणि त्या पिंजारीलाही."

सील त्यांनी स्वतः तोडलं. गांगुर्डेंना विभक्त कोठडीतून आणलं होतं. उजेडाने त्यांचे डोळे बारीक झाले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. इलियास दाराशी उभा राहिला.

मी लिनक्सची डिस्क घातली. भाषा, वेळ, कीबोर्ड, एकेक पान पुढे सरकत गेलं. साहेब माझ्या खांद्यामागे उभे होते. नेटवर्कचं पान आलं.

वायरची जोडणी. वायरलेस. वायरलेस.

"अजून दोनच," साहेब हळूच म्हणाले.

मी गांगुर्डेंकडे पाहिलं. एखाद्याचं चोरीचं पोतं सगळ्यांसमोर सोडावं आणि आत नुसता भुसा निघावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"काय रे, भट्टीत काय टाकलंस मग?"

ते पडद्यावरच्या त्या दोन ओळींकडे बघत राहिले.

मी लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली आणि साहेबांना स्क्रू ड्रायव्हर मागितला. सुतारकामाच्या शेडमधून आणवला त्यांनी. लॅपटॉप पालथा करून खालचं झाकण उघडलं. आत हिरव्या रंगाची एक लहानशी पट्टी, तिला दोन बारीक वायरी, एक काळी, एक पांढरी. बाकी काही नाही. साहेबांनी टॉर्चच्या उजेडात नीट निरखून पाहिलं. बोट घालूनही पाहिलं.

"ही एकच वायरलेसची पट्टी आहे," मी म्हणाले. "ही मी काढते. दुसरं कुठे लपवलेलं असेल, तर ते एक तरी दिसायला हवं."

पट्टी काढून मी त्यांच्या हातात दिली. पुन्हा डिस्क, पुन्हा भाषा, पुन्हा वेळ. या खेपेला पानावर फक्त वायरची जोडणी होती. दोन्ही वायरलेस गेलेली.

साहेबांनी तळहातावरची पट्टी पाहिली, पडदा पाहिला.

"आता परत घाला."

मी घातली. दोन्ही परत आली. मग मी त्यांना दोन्हींचा क्रमांक काढून दाखवला. असं प्रत्येक उपकरण बनवतानाच त्याला एक क्रमांक मिळतो आणि तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही. दोन्ही ओळींचा क्रमांक एकच होता. त्यांनी एकेक अक्षर बोटाने जुळवून पाहिलं.

"म्हणजे उर्फ," ते म्हणाले.

"काय?"

"आमच्या कागदांवर असतं ना. अमका उर्फ तमका. माणूस एकच." ते खुर्चीवर टेकले आणि त्यांनी रुमालाने मान पुसली. "इतकंच होतं होय."

दाराशी इलियास खाली बसला होता. शिपायाने त्याला उठ म्हटलं नाही.

साहेब गांगुर्डेंकडे वळले. "खोटं का बोललास?"

"तुम्हाला पाहिजे होतं ते दिलं," गांगुर्डे म्हणाले.

"काय?"

"कोणी हो म्हटल्याबिगर तुम्ही थांबणार नव्हता, साहेब. सगळ्यांच्या मुलाखती बंद. याची रजा बंद. याला पोरगं बघायचंय अजून. मला कोण येतंय भेटायला?"

"तुझी शिक्षेतली माफी कापली गेली असती. सुटका लांबली असती तुझी."

"लांबू द्यायची."

साहेबांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. त्या भरात ते हसले. वाईट हसणं नव्हतं ते.

"कमाल आहे तुझी. नसलेल्या वस्तूची कबुली देतोस! तुझ्या कबुलीवर काय विश्वास ठेवायचा? कोर्टातपण असंच हो म्हणून आलास की काय?"

"नाही साहेब," गांगुर्डे म्हणाले. "ते मीच केलं."

ते फार चटकन म्हणाले, आणि फार मोठ्याने. ऑफिसातला कारकून मान वर करून बघायला लागला. साहेब तोवर शिपायाशी बोलत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. माझं होतं. गांगुर्डेंनी दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते, आणि लॅपटॉप उघडताना जे घाबरलेपण मी त्यांच्या तोंडावर पाहिलं नव्हतं ते आता दिसत होतं.

वर्ग सुरू झाला. मुलाखती सुरू झाल्या. इलियास रजेवर गेला. खोटं बोलल्याबद्दल साहेबांनी गांगुर्डेंना दम दिला आणि प्रकरण तिथेच मिटवलं. मुदपाकखान्यातल्या माणसांनी त्या दिवशी त्यांना चहाचा जास्तीचा मग दिला म्हणतात, तो त्यांनी ओतून टाकला.

ते वर्गात येईनासे झाले.

मग एका मुलाखतीच्या दिवशी आले. बाकीचे नेहमीसारखे उठून गेले होते. शिपाई बाहेर व्हरांड्यात तंबाखू मळत होता. गांगुर्डे शेवटच्या टेबलाशी बसले, पण लॅपटॉप उघडला नाही.

"रागावलात का माझ्यावर?" मी विचारलं.

"बाई, तुम्ही कशाला मधे पडलात?"

"तुम्ही न केलेल्या गोष्टीची शिक्षा भोगणार होतात."

"ते माझं मी बघत होतो."

"तुम्ही बघत होतात, पण मला बघवत नव्हतं."

ते दाराकडे नजर टाकून हळू आवाजात म्हणाले, "साहेब हसत बोलले. पण असलं बोलणं पसरतं. आज हसतील, उद्या कोणी खरंच विचार करत बसंल. गांगुर्डे कशालाबी हो म्हणतो म्हणून."

"केला विचार, तर काय होईल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात ऑफिसातल्या त्या दिवसापासून काय घोळतंय हे त्यांना कळलं असावं. ते सांगायला लागले, ते मला विश्वासात घ्यायला नाही. मी स्वतःहून काही उकरायला जाऊ नये म्हणून सांगत होते.

"भाऊ पिऊन घरात शिरला होता. मी मळ्यात होतो, पाणी धरलं होतं. आरडाओरडा ऐकून पळत आलो, तर तो चुलीपाशी पडलेला. आणि तिच्या हातात मुसळ. तिची चोळी फाटलेली."

"तुमच्या बायकोच्या?"

"धाकटी अंगावर पीत होती तवा. थोरली दोन नुसती भिंतीला चिकटून उभी. मी तिच्या हातातनं मुसळ काढून घेतलं. ती सोडीना. बोटं एकेक उकलली. मग चौकीवर गेलो."

मी म्हणाले, "तिने स्वतःला वाचवण्यासाठी केलं. कोर्टाला खरं सांगितलं असतं, तर ती कदाचित सुटली असती."

"हे मला इथं येऊन कळलं, बाई. इथं सगळे अर्धे वकील असतात. तवा नव्हतं कळत. तवा एवढंच कळत होतं की तीन लेकरांना आई लागंल. आता कळून काय करू? आता खरं सांगितलं तर तिला आत घेतील आणि मलाही खोटं बोललो म्हणून सोडणार नाहीत. पोरी कोणाच्या दारात जातील?"

"ती भेटायला का येत नाही?"

"यायची. पहिली दोन-तीन वर्षं यायची. जाळीपल्याड उभी राहून रडायची. मी सांगून टाकते म्हणायची, मला सहन होत नाही म्हणायची. शेजारी शिपाई उभा. मी म्हटलं, येऊ नकोस. पोरींनाबी पाठवू नकोस. आली तर मी बाहेर येणारच नाही." ते थांबले. "तुमच्यासारखं कोणी तवा झाकण उघडून बघायला आलं असतं ना, बाई, तर मी त्याला उंबरा चढू दिला नसता."

आज ते नाहीत आणि त्यांची बायकोही नाही. मुली आपापल्या घरी सुखी आहेत. गावं, नावं मी बदलली आहेत, म्हणून हे लिहिता येतंय. तेव्हा मात्र माझं मन अगदी दुभंगून गेलं होतं. त्या ऑफिसात पट्टी काढून, घालून, क्रमांक दाखवून मी खरं काय ते सिद्ध केलं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. आणि इथे एक माणूस मला हात जोडून सांगत होता की हे खरं झाकलेलंच राहू द्या.

"मी कुणाला काही सांगणार नाही," मी म्हणाले.

"ते माहीत आहे. पण आता तुम्हालापण झोप लागायची नाही. म्हणून सांगत नव्हतो."

मी फळा पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसतच राहिले. मग न राहवून वळले.

"गांगुर्डे, एक बोलू?"

"बोला की."

"तुम्हाला आज मला तरी सांगता आलं. तिला कोण आहे?"

त्यांना समजलं नाही. "म्हणजे?"

"त्या दिवसाबद्दल ती कुणाजवळ बोलत असेल? मुलींजवळ? शेजारणीजवळ? जगात एकच माणूस आहे ज्याच्याजवळ तिला बोलता येईल, आणि त्याने तिला येऊ नको म्हटलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मग शिपायाने वेळ झाल्याची हाक दिली आणि ते उठून गेले. जाताना खुर्ची टेबलाखाली सरकवायलाही विसरले. तसे ते कधी विसरत नसत.

त्यानंतर ते वर्गात येत राहिले. आम्ही दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही. इलियास सुटून गेला. थंडी पडली.

एका मुलाखतीच्या दिवशी मी आत निघाले होते. फाटकाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये भेटायला आलेली माणसं बसून होती. पिशव्या, पोरं, म्हातारे. मी झडतीच्या खोलीत पर्स उघडून दाखवत होते, तेव्हा शिपायाने नावं पुकारायला सुरुवात केली.

"मुरलीधर गांगुर्डे! गांगुर्डेचं कोण आहे?"

कोणी उठलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली. तेव्हा अगदी कडेला बसलेली एक बाई उभी राहिली. सावळी, उंच, डोक्यावरून पदर घेतलेली. शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली.

"मी," ती म्हणाली. "मी त्यांच्या घरची."

माझ्या वर्गाची वाट मुलाखतीच्या खोलीवरूनच जात असे. तिथे मधे दोन हात पसरतील एवढं अंतर सोडून दोन जाळ्या होत्या. इकडे घरची माणसं आणि तिकडे कैदी. सगळे एकाच वेळी ओरडून बोलत, त्यामुळे शेजारच्याचं काय चाललंय ते कुणाला कळत नसे. खुद्द समोरच्याचंही निम्मं कळत नसे.

मी थांबायला नको होतं, पण पाय थांबले. गांगुर्डे पलीकडच्या जाळीत बोटं अडकवून उभे होते. आधी त्यांनी मुलीकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, पुन्हा डोक्यापर्यंत. मग बायकोकडे.

ती बोलायला लागली. आजूबाजूला सगळे ओरडत होते, ती मात्र ओरडत नव्हती. ती अगदी हलक्या आवाजात बोलत होती, घरात, चुलीपाशी बसून बोलावं तशी. मी तिच्यापासून चार पावलांवर होते, मला एक शब्द ऐकू आला नाही. शिपायालाही आला नसणार. त्या दोन जाळ्यांच्या पलीकडे गांगुर्डेंना तर काहीच ऐकू येत नव्हतं.

ती बोलत होती, आणि ते तिच्या तोंडाकडे बघत मान हलवत होते. हो, म्हणून. हो.